नानांचं उपरणं आणि अक्कांचे चिंचोके

आमच्या घराच्या दलालावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो माणूस जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी पिंप्राळ्याच्या या ओट्यावर संध्याकाळी बसलो की मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडतो. बायकोला ते कळतं. "झालं का नानांशी बोलून?" म्हणते आणि चहा ठेवून जाते.

मी मूळचा साक्रीकडचा. जळगावला आलो तेव्हा मालधक्क्यावर पोती उचलायचो. पुढे रिकामी पोती विकत घ्यायची, ठिगळं लावायची आणि विकायची, असा बारदानाचा धंदा सुरू केला. या धंद्यात पोत्यापोत्याला घासाघीस असते. ती मी तोंडाने करायचो आणि मोठ्याने करायचो. समोरचा आकडा बोलला की मी असा भडकायचो, की तो आपणहून खाली यायचा. निम्मा भडका खरा असायचा. उरलेला निम्माही बोलता बोलता खरा व्हायचा, हा माझा दोष.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. जुन्या गावात आम्ही एका घरमालकाच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मुलगी धुळ्याला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. खानदेशात आखाजीला दिवाळीपेक्षा मान. लेकी घरी येतात, झाडाला झोके बांधतात, उन्हं उतरली की झोक्यावर गाणी म्हणतात. मी नवा दोर आणून अंगणातल्या निंबाला बांधला. मालकीणबाई दारातूनच म्हणाल्या, "भाडेकरूंनी झाडाला दोर बांधायचा नाही. फांदी मोडली म्हणजे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलीने माझा हात धरला. तिनेच गाठ सोडली, दोराची गुंडाळी केली आणि माझ्याकडे दिली. आठ दिवसांसाठी आलेली पोरगी चौथ्या दिवशी परत गेली. सासूबाईंना बरं नाही म्हणाली. सासूबाई ठणठणीत होत्या, हे मला नंतर धुळ्याच्या बाजारात कळलं.

तो दोर मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवला. बायकोला म्हटलं, "पुढच्या आखाजीच्या आत आपलं घर. आणि दारात झाड."

घर शोधायचं तर दलाल हवा. पहिला भेटला तो छत्रीवाला. प्रत्येक घराच्या दारात छत्री मिटून म्हणायचा, "हवा बघा." एका घरात तर मोरी तुंबलेली होती आणि हा म्हणतो, हवा बघा. दुसऱ्याने घर दाखवायच्या आधी माझ्यापाशी किती आहेत ते विचारलं. जो माणूस माझी थैली आधी चाचपतो, तो पुढे कोणाच्या बाजूने बोलणार? त्याला मी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तिसरे नाना. सत्तरीला आलेले, अंगाने काटकुळे, खांद्यावर धुऊन धुऊन पिवळं पडलेलं उपरणं. उभी हयात त्यांनी धुळ्याकडच्या बाजारांत बैलांची दलाली केली होती. गुडघे दुखायला लागल्यावर मुलाकडे जळगावला आले आणि घरांची दलाली करू लागले. बाजारातले लोक हसायचे. "नाना घराचे दात मोजतात," म्हणायचे.

पहिलं घर त्यांनी दाखवलं ते मला पसंत पडलं होतं. नानांनी भिंतीला खालच्या अंगाला नख लावलं. पापुद्रा निघाला. मग ते शेजारच्या घरी गेले आणि पाणी मागितलं. बाईने तांब्या दिला, पण अर्धा. नाना परत आले आणि म्हणाले, "भाऊ, हाई घर तुमना कामनं नई. भिंतीले लोणा शे, खार फुटलाय, आणि उन्हाळ्यात इथं पाणी नाही. त्या बाईनी तांब्या भरला नाही, पाहिलं ना?"

मालक तिथेच उभा होता. त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी त्याच क्षणी ठरवलं की दलाल हाच.

परतताना त्यांनी मला विचारलं, "घाई काय शे?" मी दोराची गोष्ट सांगितली आणि बजावलं, "नाना, आखाजीचं विकणाऱ्याला कळता कामा नये. गरज दिसली की भाव चढतो." नाना म्हणाले, "हे मला तुम्ही शिकवणार का?"

माघ संपता संपता त्यांनी पिंप्राळ्याचं हे घर दाखवलं. तेव्हा इथे कॉलन्या नव्हत्या, आजूबाजूला शेतं होती. तीन खोल्या, मागे विहीर, दारात मोठा निंब, आणि त्याची एक आडवी फांदी माझ्या डोक्याच्या दीड पुरुष वर, अगदी झोक्यासाठी वाढवल्यासारखी. मी फांदीकडे पाहतोय हे बघून नानांनी माझ्या पायावर पाय दिला. घर एका विधवा बाईंचं होतं. सगळे त्यांना अक्का म्हणत. मुलं बाहेरगावी, त्यांना थोरल्याकडे जायचं होतं.

आता भाव. मी घसा साफ करून बसलो, तर नानांनी उपरणं काढून आपल्या आणि माझ्या हातावर टाकलं. बैलबाजारातली जुनी रीत. तोंडाने आकडा बोलायचा नाही, कापडाखाली बोटं दाबायची. बोट म्हणजे हजार, अर्धं बोट म्हणजे पाचशे, सगळा पंजा म्हणजे पाच. मी आधी पंजा दाबला, मग एक बोट. सहा.

अक्कांचा हात असा कापडाखाली कसा घ्यायचा? बाईमाणूस. त्यावर नानांनी तोड काढली होती. अक्का आत बसायच्या, आपल्या आकड्याइतके चिंचोके एका लहानशा बटव्यात घालायच्या आणि नाडी ओढून बटवा बाहेर द्यायच्या. एक चिंचोका पाचशेचा. नाना भिंतीकडे तोंड करून बटव्यात बघायचे आणि म्हणायचे, "अजून लांब शे."

एवढंच. किती लांब, ते नाही.

चार वेळा आम्ही बसलो. मी सातवर गेलो, साडेसातवर गेलो, शेवटी आठवर. माझं तोंड बांधून मला बाजारात उभं केल्यासारखं झालं होतं. ज्या हत्याराने मी पोट भरलं ते इथे चालतच नव्हतं. चौथ्या खेपेला नाना म्हणाले, "आता जवळ शे."

"किती जवळ?"

"जवळ."

"नाना, तुम्ही माझे दलाल ना? तिचा आकडा सांगा."

"मग तुमचा तिला सांगू?"

"माझा कशाला सांगता?"

"मग झालं तर. आकडे सांगणारे दलाल पुष्कळ शेतस गावात. छत्रीवाला शे ना तो."

मी दोन दिवस धुमसत राहिलो. आखाजीला महिना उरला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच सायकलवर पिंप्राळ्याला गेलो. खोटं कशाला सांगू, नानांना वगळून सौदा झाला तर दलाली वाचेल, हेही डोक्यात होतं.

अक्का अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी पाणी दिलं. तांब्या काठोकाठ.

"नाना नाही आले?"

"नानांचं काय काम? घर तुमचं, पैसे माझे. बोला, किती?"

"माझा बटवा नानांजवळ दिलाय."

"त्यात किती चिंचोके आहेत ते सांगा की."

"ते मी कसं सांगू, भाऊ? नानांना शब्द दिलाय ना."

दहा मिनिटं मी तऱ्हेतऱ्हेने विचारलं. त्या प्रत्येक वेळी एक कुरडई घालायच्या आणि तेच म्हणायच्या. ऊन डोक्यावर, समोर ती फांदी, आणि ही बाई मला साधा आकडा सांगेना. माझा तोल गेला. मी म्हणालो, "नऊ देतो. नऊ हजार. आता तरी बोलाल?"

अक्कांचा कुरडईचा हात जागच्या जागी थांबला.

समोरच्याचा हात असा थांबला की बोलणारा जास्त बोलून बसला, हे मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या बाबतीत पाहत आलो होतो. तिथून सायकल काढताना माझे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात आले आणि पोत्यांच्या थप्पीवर बसले.

"बठ्ठं, सगळंच बोली टाकं म्हणे तुम्ही."

"रागाच्या भरात बोललो. तो आकडा धरू नका."

"तोंडातून गेलेला आकडा बाजारात परत घेत नाहीत, भाऊ. बोटांचा घेता येतो. कापड त्याच्यासाठीच टाकायचं असतं. तुमच्यासारख्यांसाठीच."

"तिचे चिंचोके किती होते?"

नाना थप्पीतल्या पोत्याची शिवण चाचपू लागले.

"आठचे होते ना? की साडेआठचे? सांगा, नाना."

"आज तुमच्याकडे येणारच होतो मी," ते म्हणाले. "एक दिवस थांबायचं होतं."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरच्या दुकानातली माणसं उठून दारात आली. म्हाताऱ्या माणसाला मी दोन्ही थडीवर हात मारणारा म्हणालो, विकला गेलेला म्हणालो. नानांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घर सोडायचं असेल तर सोडा. मी अक्कांची समजूत घालतो. दुसरं घर पाहू. आखाजीपर्यंत मिळेल का, ते मात्र सांगता येत नाही."

खिळ्यावर दोर होता. मी नऊ मान्य केले.

रजिस्टर कचेरीत सह्या झाल्यावर दलालीची वेळ आली. मी तोंड वाकडं करून नवाच्या हिशोबाने नोटा पुढे केल्या. नानांनी मोजल्या, काही परत दिल्या. "माझ्या हातात आठच आले होते," म्हणाले. "नववा तुम्ही स्वतः केला. त्याची दलाली मी कशी घेऊ?" मी त्या नोटा खिशात घातल्या. आभार मानले नाहीत. आज वाटतं, मानायला हवे होते. पण तेव्हा वाटलं, ठीक आहे, एवढी तरी लाज आहे म्हाताऱ्याला.

खरा घाव बसला तो किल्ली घेताना. अक्कांनी घर झाडून ठेवलं होतं. बायको निंबाखाली उभी राहून वर बघत त्यांना म्हणाली, "आमच्या लेकीच्या झोक्यासाठी हो सगळी धडपड." आणि तिने मागच्या आखाजीची गोष्ट सांगून टाकली. मी डोळे मोठे केले, पण आता काय उपयोग?

अक्कांनीही वर पाहिलं. मग म्हणाल्या, "माझ्या दोघी पण याच फांदीला बांधायच्या. हे आधी कळलं असतं तर मी एवढं ताणलं नसतं, बाई. मला वाटलं, पेठेतले शेठ आहेत, घर घेऊन भाड्याने देतील, झाड तोडून खोल्या काढतील. म्हणून धरून बसले."

मी नानांकडे वळलो. नाना म्हणाले, "तुम्हीच बजावलं होतं."

जे मी अक्कांपासून लपवलं, तेच बोलून घर स्वस्तात मिळालं असतं. आणि नानांना दोन्हीकडचं माहीत होतं. तिला झाड तोडणारा नको होता आणि मला झाडच हवं होतं, हे एका माणसाच्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होतं, आणि त्याने तोंड उघडलं नाही. माझी तक्रार आहे ती ही. नऊ हजारांची चूक माझी, ती मी कबूल करतो. पण एक वाक्य? त्याने कोणाचा शब्द मोडला असता?

आखाजीला मुलगी आली. तोच दोर, नवा कोराच राहिलेला, मी फांदीला बांधला. मी नको म्हणत होतो, तरी बायकोने नानांना जेवायला बोलावलं. त्यांनी आधी दोराला लोंबकळून फांदी पाहिली. गुडघे दुखणारा माणूस, पण लोंबकळला. "चालंल," म्हणाले. मग पुरणपोळी आणि आमरस पोटभर जेवले. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

ऊन उतरल्यावर शेजारच्या मुली आल्या. निम्म्या झोक्यापाशी होत्या, निम्म्या ओट्यावर चिंचोके खेळायला बसल्या. बायको आतून म्हणाली, "बरी आठवण झाली. अक्कांचा बटवा राहिलाय कोनाड्यात. नानांनी परत दिला होता तसाच ठेवून गेल्या."

मी ताडकन उठलो. "कुठाय?"

"त्यातले चिंचोके पोरींना दिले मघाशी. कमी पडत होते."

"किती होते?"

"अहो, चिंचोके कोण मोजतं?"

मी ओट्यावर गेलो. सगळ्यांचे मिळून शंभर-दीडशे चिंचोके मधे ढीग करून ठेवलेले. मी खाली बसलो आणि मुलीला विचारलं, "बटव्यातले यातले कोणते?"

ती हसली. "आबा, चिंचोका तो चिंचोका. तुम्हाला खेळायचंय का?"

भिंतीला टेकून बसलेल्या नानांनी उपरणं तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलत होते. "मोजा, भाऊ," ते म्हणाले. आणि माझ्या मुलीने माझ्या हातात पाच चिंचोके दिले, कारण माझी पाळी होती.

आठव्या दिवशी जावई न्यायला आले. मुलगी आतून म्हणाली, "अजून दोन दिवस राहते ना. झोका आहे." मी ओट्यावर बसून ऐकलं.

ती दहा दिवस राहिली. पण नानांनी बोलायला हवं होतं.