देवीपुढे ठेवलेले कोयते

आईच्या शेवटच्या आजारपणानंतर मी हात जोडणं सोडून दिलं होतं. बातमीदाराच्या नोकरीत ते सोयीचंही होतं. दोन हजार सालानंतरचा तो हिवाळा. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबटे वाढले होते आणि निरगुडसरच्या शिवारातल्या त्या फडावर मी बिबट्यासाठीच गेलो होतो. आदल्या दुपारी त्याने बांधावरची शेळी ओढून नेली होती. त्या जागेपासून मी पावलं मोजली. वीस पावलांवर बाभळीला झोळ्या टांगलेल्या होत्या आणि त्यांत ऊसतोड मजुरांची तान्ही पोरं निजली होती. माझ्या वहीत तोवर फक्त शेळी होती. हे लिहिताना आजही लाज वाटते.

रोज सकाळी हे मजूर बांधावरच्या शेंदरी दगडाला, म्हणजे त्यांच्या देवीला, कोयता टेकवून मग फडात शिरतात. पाथर्डीकडून आलेल्या सरूबाईने त्या दिवशी तो टेकवला आणि तिथेच ठेवला. तिची दहा महिन्यांची मुलगी त्यांतल्याच एका झोळीत होती. तिच्यामागून सगळ्या बायांनी कोयते ठेवले, मग पुरुषांनी. देवीपुढचं हत्यार ज्याचं त्यानेच उचलायचं, असा त्यांच्यातला रिवाज.

"पोरं कुठं ठेवायची ते सांगा, मंग तोडू," ती टोळीच्या मुकादमाला म्हणाली.

"देवी राखंल की! एवढी भगतीण तू. तकडं ट्रक उभा हाय."

"उभा हाय तर बसवा त्याला."

बाया हसल्या. मुकादम चिडला. चपला न काढताच पुढे गेला, तिचा कोयता उचलून तिच्यापुढे धरला. तिने हात मागे घेतले. मग तिच्या नवऱ्यापुढे, मग एकेकापुढे. कोणीही घेतला नाही. "उद्या दुसरी टोळी आणतो. जावा चालत घरला!" तो ओरडला. कोणी हललं नाही, पण पोरं घेऊन एवढं लांब चालत जायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या शेंदरी दगडाकडे पाहत माझ्या तोंडून नकळत निघालं, कोणाला तरी पाठव.

पलीकडच्या शेतात पाणी भरणारी एक बाई बांध ओलांडून आली. गुडघ्यापर्यंत चिखल. आम्ही कोणीच तिला ओळखत नव्हतो.

"मघापासून ऐकते मी. माझी कांद्याची चाळ रिकामी हाय. चारी अंगांनी जाळी, दाराला कडी. पोरं तिथं ठेवा. एक बाई राखणीला बसवा आन तिचा रोज धरा, मुकादम."

"तुमी कोण मधी बोलणाऱ्या?"

"शेजारीण. तुमचा ट्रक माझ्याच रानातून जातोय न्हवं?"

मुकादमाने ट्रककडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि कोयता होता तिथे ठेवला. मुलगी चाळीत गेली, कडी लागली, तेव्हाच सरूबाईने तो उचलला.

ती बाई नेमकी तेव्हाच का आली, हे मी तपासलं नाही. एरवी सगळं तपासतो. त्या दगडापुढे नुसता उभा राहिलो आणि मनात आभार मानले. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मी समजत होतो. त्या सकाळी शरण गेलेली माणसंच तेवढी ताठ उभी होती.

निघताना सरूबाईला विचारलं, "मुकादमाची भीती नाही वाटली?"

ती पदर खोचत फडाकडे वळली. "एकीच्या पाया पडून झालं व्हतं, भाऊ. आनिक किती जणांच्या पडू?"