प्रतिस्पर्ध्याच्या मोटारसायकलवर

एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन वकिलाने माझं राजकारण बुडवलं. मी कारंजाच्या कोर्टात प्रतिज्ञापत्रं करून पोट भरत होतो, तेव्हा एका निवृत्त वकिलांनी कपाट रिकामं करताना त्याचं चरित्र माझ्या हातात कोंबलं. हे अमेरिकन गृहस्थ घोड्यावरून गावोगावच्या कोर्टात जात. दिवसभर ज्याच्याशी भांडत, त्याच्याच शेजारी जेवायला बसत. पुढे निवडणुकीला उभे राहिले, तर प्रतिस्पर्ध्याच्याच बग्गीतून सभेला जाऊन एकाच मंचावर त्याच्याशी वाद घालत. मी इतका भारावलो की पंचायत समितीला अपक्ष अर्ज भरून बसलो.

समोर कामरगावचे बियाण्यांचे दुकानदार आणि पंचायत समितीचे सध्याचे सदस्य होते. मी त्यांच्या दुकानात जाऊन म्हणालो, "भाऊ, आज धनज गावात एकाच सभेत दोघं बोलू. लोकांले ठरवू द्या."

त्यांनी मला खालीवर पाहिलं. "वकीलसाहेब, तब्येत बरी हाये ना?"

"एकदम."

"मंग बसा मांगं," म्हणत त्यांनी मोटारसायकल काढली.

ऊन रणरणत होतं. त्यांनी गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढून दिला. "बांधा डोक्याले. ऊन लागलं तं मलेच दवाखान्यात न्या लागन."

आमच्याकडे पाठिंबा पत्रक काढून जाहीर होत नाही. कोण कोणाच्या गाडीवर, कोणत्या दुपट्ट्यात दिसला, यावरून गाव काय ते समजून घेतं. मला हे जन्मापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र मी अमेरिकेत होतो.

धनजच्या पारावर उतरताच टाळ्या पडल्या. मला वाटलं, वादविवादाची किती ही आवड! मी अर्धा तास भाऊंचे वाभाडे काढले: रस्ता, नळ, न उगवणारं सोयाबीन. लोक डोळे पुसत हसत होते. समोरचे एक आजोबा म्हणाले, "बोलू द्या त्याले. आता घरचाच मानूस हाये."

घरी बायको दारातच उभी. "पाठिंबा द्याचा होता तं मले काहून नाही सांगतलं? मी सकाळपासून तुमच्यासाठी घरोघरी हिंडून राह्यली!"

"अवं, मी कोनाले पाठिंबा नाही देला."

"मंग डोक्याले काय गुंडाळलं?"

पुढचे चार दिवस मी दारोदार खुलासा करत फिरलो. प्रत्येक जण डोळा मारायचा. "समजलं साहेब. वरून असंच म्हना लागते."

निकाल लागला. माझं डिपॉझिट गेलं. माझा अमेरिकन वकीलही ती निवडणूक हरला होता, पण त्याला निदान हरल्यासारखं वागता आलं असणार. माझ्या दारात विजयी मिरवणूक थांबली. भाऊ जीपमधून उतरले आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. "साहेब, तुमच्यामुळंच!"

मी त्यांच्या विरोधात लढलो, हे एकदा तरी सर्वांसमोर ठणकावून सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी मूठभर गुलाल उधळला. तो सगळा माझ्या घशात गेला. मी खोकत राहिलो आणि लोक म्हणाले, "पाहा, वकीलसाहेबाले भरून आलं."