हुंकाऱ्यापुरती जागा

काष्टीच्या शाळेत मी मास्तर आहे आणि शनिवारी, बाजारच्या दिवशी, शाळेत पोरांपेक्षा बैलांचाच आवाज जास्त ऐकू येतो. त्या शनिवारी माझ्या गावचा, राहात्याचा, एक ओळखीचा शेतकरी बैलजोडी घ्यायला आला होता. शाळा सुटायची वाट बघत तो पायरीवर बसून राहिला. मी बाहेर आलो तसा तो उठला, फेटा सारखा केला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची वैनी गेली. परवा सांजच्याला." मग त्याने जीभ टाळूला लावून आवाज केला... "च्... च्... च्..." आमच्या बागायती भागात माणसं हळहळताना असाच आवाज करतात. पण माझ्या वहिनीच्या माहेरी, तिकडे पाथर्डीच्या बाजूला, हनुवटी वर उचलून 'च्' केलं की त्याचा अर्थ 'नाही, नको' असा असतो. वीस-पंचवीस वर्षं तिचं ऐकून माझ्याही कानाला तीच सवय लागली होती. शाळेच्या पायरीवर उभ्या उभ्या मला क्षणभर वाटलं, हा म्हणतोय, नाही, तसं काही झालेलं नाही... तेवढा एक क्षणच काय तो मला मिळाला.

तिचं नाव गोदावरी. ज्या गावात उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात, तिथे जन्मलेल्या पोरीचं नाव गोदावरी ठेवणाऱ्या माणसाची कमाल म्हणायची! मी तिला यावरून जन्मभर चिडवलं. ती म्हणायची, "नाव तरी वलं ठिवलं ना भावजी, रान तर कोरडंच हुतं." अण्णांशी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाशी, तिचं लग्न झालं तेव्हा मी पाटी-दप्तरवाला होतो. अण्णा पेरूची बाग बघायचे. बोलणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटायची. सबंध दिवसात चार शब्द बोलले तर आई म्हणायची, आज लई गप्पा मारल्या.

वहिनी नवी नवी घरात आली तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अण्णा जेवायला बसले आणि पाटाच्या पाण्याची पाळी चुकल्याचं आईला सांगू लागले. पहिलं वाक्य संपलं न संपलं, तोच चुलीपाशी बसलेल्या नव्या सुनेने तोंड न उघडता आवाज काढला, "हूंऽ". अण्णा थबकले. मग पुढचं वाक्य बोलले. पुन्हा "हूंऽ". आईने कान टवकारले. तिसऱ्या हुंकाराला तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ही मधीमधी कन्हती का रं? पोटात दुखतंय जनू." आणि सुनेला बळेबळे ओवा आणि गरम पाणी पाजलं! नव्या नवरीने कुणाला 'नाही' म्हणायचं? तिने मुकाट्याने ओवा चावला. पुढचे दोन-तीन दिवस संध्याकाळ झाली की तिच्यापुढे ओवा यायचा. शेवटी तिनेच मला हळूच सांगितलं, "भावजी, आमच्यात कुनी काय सांगाया लागलं की हुंकारा द्यावा लागतो. सांगनाऱ्याला एकटं सोडत न्हाईत."

आमच्याकडेही 'हं' म्हणतात, नाही असं नाही. पण आमचं 'हं हं' म्हणजे कळलं, आटप आता. पाटाचं पाणी सुटलं की ज्याची पाळी असेल त्याला धावत सुटावं लागतं, त्यामुळे नदीकाठच्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायला कधी वेळच नसतो. माझ्यावर तर शाळेत पोरांना दटावून दटावून असा परिणाम झालाय, की समोरच्याचं वाक्य मीच पुरं करून टाकतो. वहिनीच्या गावात घाई कशाची? सगळा दिवस आभाळाकडे बघायचं आणि रात्री एकाने सांगायचं, एकाने हुंकारा द्यायचा. तिच्या हुंकाऱ्यात घाई नव्हती, होकार नव्हता, नकारही नव्हता. मी आहे इथे, तू बोल, एवढंच त्यात होतं. त्या एवढ्याशा आवाजाने आमच्या मुक्या अण्णांना वाचा फुटली. रोज संध्याकाळी ते जेवायला पाटावर बसून बागेतल्या वटवाघळांपासून मामलेदाराच्या घोड्यापर्यंत सगळं सांगायचे, आणि आतून प्रत्येक वाक्याला "हूंऽ" यायचा. अण्णा बोलतात हे बघायला शेजारचे लोक मुद्दाम येऊन बसत.

या माघात बागेत पेरूच्या पाट्या भरता भरता ती बसल्या जागी कलंडली. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मी रजा काढून धावलो. डोळे लख्ख होते, माणसं ओळखत होती, पण तोंडून फक्त आवाज यायचे... "हूं... अंऽऽ... हूं हूं..." वर जाणारे, खाली येणारे, मध्येच थांबणारे. झालं, आम्ही सगळे तिच्या उशाशी गोळा झालो आणि जो तो विचारू लागला. पाणी हवंय? कूस वळवू? थंडी वाजतीय? डॉक्टरला बोलवू? ती हनुवटी जराशी उचलून "च्" करायची. ते मात्र मला कळायचं, की नको. मग आम्ही दुसरं काहीतरी आणायचो. घोंगडी, पेज, अंगारा. शेजारच्या म्हातारीने तर ओवासुद्धा आणला. वहिनीने तो बघितला आणि तिच्या धड अर्ध्या तोंडावर हसू आलं. गेलेल्या आमच्या आईची आठवण झाली असणार. पण पुन्हा तेच आवाज सुरू झाले आणि आम्ही पुन्हा धावाधाव करू लागलो. अण्णा मला म्हणायचे, "मास्तर, तू शिकलेला हायेस, तुला तरी कळतंय का रं तिला काय पायजेल?" मला काय कळणार होतं, कपाळ!

तिच्या भावाला, सखादादांना, निरोप धाडला. महायुद्ध चाललेलं, त्यामुळे पेट्रोल मिळेना, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायच्या. सखादादा निम्मी वाट चालतच आले म्हणायचं. पाय धुतले, बहिणीशेजारी मांडी घालून बसले. ती आवाज करू लागली. आम्ही सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी हातानेच मागे सारला. काही विचारलं नाही. तिचा आवाज थांबला तिथे ते म्हणाले, "हूंऽ". ती पुढे बोलली. "हूंऽ... मंग?" तिचे डोळे त्यांच्यावरून हलेनात. किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे. आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच ती हसली, मध्येच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटी एक लांब श्वास सोडून ती शांत झोपली. आजार लागल्यापासून तशी झोप तिला आली नव्हती.

अण्णांनी त्यांना बाहेर ओढलंच. "काय म्हनली? काय पायजेल तिला?"

सखादादा म्हणाले, "काय म्हनली ते कुठं उमजतंय दाजी. पन ती मागत न्हाई काई. सांगती हाय."

इतके दिवस आम्ही तिला घोंगड्या पांघरवत होतो.

सखादादांची ज्वारी काढणीला आली होती, घरी करणारं दुसरं कुणी नव्हतं. ते किती दिवस थांबणार? गेले. मग मी बसलो. तिने सुरू केलं, मी "हूं" म्हणालो. पण माझा हूं लवकर पडला, तिचं वाक्य संपायच्या आधीच. पुढचा फारच मोठा झाला, वर्गात पोराला उठवावं तसा. तिने माझ्याकडे बघितलं, फार मायेने बघितलं, आणि हनुवटी उचलून "च्" केलं. राहू द्या भावजी, असंच ते होतं. मग अण्णा बसले. लग्नापासून या माणसाने तिला फक्त सांगितलं होतं, हुंकारा दिला नव्हता. पहिलाच "हूं" त्यांच्या घशात अडकला आणि त्याचं रडू झालं. नवराच रडायला लागल्यावर ती काय सांगणार? तिने डाव्या हाताने त्यांचा हात धरला आणि गप्प झाली. माझी रजा संपली, मी काष्टीला परतलो. त्यानंतर तिने हूं की चूं केलं नाही म्हणे. जे काही तिच्याजवळ सांगायचं होतं, ते तिच्याबरोबर गेलं. आम्ही घरभर माणसं होतो, धडधाकट होतो, तिच्यावर आमचा जीव होता आणि आम्हाला एवढं साधं काही करता आलं नाही, याचं काय करावं ते मला अजून समजत नाही.

दिवसकार्याला मी राहात्याला गेलो. तेराव्याला पाहुणे पांगले. संध्याकाळी अण्णा नेहमीसारखे जेवायला पाटावर बसले. चुलीपाशी कुणी नव्हतं. मी ओसरीत होतो. अण्णा आपले बोलू लागले, "आज पल्याडच्या पाटाला पानी सुटलं..." आणि थांबले. मग म्हणाले, "आपली पाळी उद्या सकाळी हाय..." आणि पुन्हा थांबले.

मला राहवलं नाही. मी ओसरीतून "हूंऽ" म्हणालो. या वेळी अगदी बरोबर जागी, जमेल तितका तिच्यासारखा.

अण्णा पुढचं न सांगताच ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

तेव्हापासून घरी गेलो की संध्याकाळी मी ओसरीत तोंड मिटून बसतो. आत अण्णा चुलीकडे तोंड करून एक वाक्य सांगतात, एका हुंकाऱ्यापुरते थांबतात, आणि पुढचं सांगतात.