डेल्बर्ट ह्रुस्काचं विमान

दुसरं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर आमच्या स्क्वाड्रनचा इतिहास छापून आला. पातळसं पुस्तक होतं. मी ते घेऊन अमेरिकेत, नेब्रास्का राज्यात, डेल्बर्ट ह्रुस्काच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्यानं तेलकट हात विजारीला पुसले, चष्मा चढवला आणि तिसऱ्याच ओळीला अडला.

"'ट्युनिसियातून स्क्वाड्रन कोर्सिका बेटावर हलवण्यात आली.' हलवण्यात आली! कुणी हलवली रे, प्रॉसर? भुतांनी?"

"पुढं वाच की."

"काय वाचू, कपाळ! इथं सगळं आपोआप झालंय. आपोआप हललं, आपोआप उडालं, आपोआप जिंकलं." त्यानं पुस्तक बाजूला सारलं आणि ट्रॅक्टरखाली शिरला.

म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

डेल्बर्ट मका पिकवणाऱ्या चेक कुटुंबातला. गावातली मळणीयंत्रं दुरुस्त करायचा. सैन्यानं त्याला एक लढाऊ विमान सांभाळायला दिलं. त्याच विमानाच्या पंखांतल्या बंदुकांची देखभाल माझ्याकडे होती, त्यामुळे तंबूही एकच. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "विमान मेकॅनिकचं असतं. पायलट ते तासा-दोन तासांपुरतं उसनं नेतो. नेलं तसं परत आणून द्यावं, एवढंच माझं म्हणणं."

एवढंच म्हणणं, पण ते कुणी ऐकेल तर शपथ. तिकडं आफ्रिकेत, ट्युनिसियात, वाळू ऐकायची नाही. इंजिनात वाळू, पावात वाळू, दातांत वाळू. कोर्सिकात हिवताप आला, आणि त्यावरच्या गोळ्यांनी आम्ही सगळे हळदीसारखे पिवळे पडलो. तिथंच आम्हाला नवी थंडरबोल्ट विमानं मिळाली. धिप्पाड, जड, अठरा सिलिंडरांची. आणि विमानाबरोबर डेल्बर्टच्या नशिबी लेफ्टनंट टॉलिव्हर आला.

टॉलिव्हर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याचा. गोड बोलायचा आणि झाडांच्या शेंड्यांतून उडायचा. इटलीतले रेल्वेपूल आणि मालगाड्या उडवायचं आमचं काम. हा एकदा पंखाला तारेचं भेंडोळं लटकवून परतला, एकदा पोटाखाली अख्खी द्राक्षवेल घेऊन.

डेल्बर्ट कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "लेफ्टनंट साहेब, गाडीवर बॉम्ब टाकायला गेला होता की भाजी आणायला?"

"खाली उतरल्याशिवाय नेम लागत नाही, सार्जंट."

"खाली उतरा हो, पण जमिनीच्या वर थांबा!"

त्यात नावाची भानगड. टॉलिव्हरनं इंजिनावर आपल्या मैत्रिणीचं नाव रंगवून घेतलं, 'लुरलीन'. लुरलीनचं दुसरीकडे लग्न ठरलं. डेल्बर्टनं नाव पेट्रोलनं घासून काढलं आणि 'बेटी जो' रंगवलं. महिन्याभरात बेटी जोही त्याला सोडून गेली.

"आता कोण?" डेल्बर्टनं ब्रश हातात घेऊनच विचारलं.

"एक नर्स आहे. पण अजून नक्की नाही."

"मग नक्की होईपर्यंत कोरं राहू दे. मी काही पाट्या रंगवायला समुद्र ओलांडून आलो नाही."

एका सकाळी विमान परतलं ते तेलानं काळं होऊन. दोन सिलिंडर गोळ्यांनी उडाले होते, तरी इंजिन खोकत खोकत चालूच होतं. चाकं बाहेर आलीच नाहीत. टॉलिव्हरनं ते पोटावर घसरवत धुळीत थांबवलं, उडी मारून उतरला आणि डेल्बर्टला मिठी मारली.

"तुझ्या इंजिनानं वाचवलं मला!"

"आणि इंजिनाला कोण वाचवणार?" डेल्बर्ट मिठीतून सुटत म्हणाला. पण आधी त्यानं लेफ्टनंटला नखशिखांत न्याहाळलं, मगच इंजिनाकडे वळला.

नवं इंजिन बसवणं उघड्यावर, भर उन्हात सुरू झालं. टॉलिव्हर रोज येऊन विचारायचा, "झालं का?" आणि डेल्बर्ट रोज म्हणायचा, "तुम्ही विचारलं की एक दिवस वाढतो." शेवटी टॉलिव्हर दुसऱ्याचं विमान घेऊन मोहिमेवर गेला आणि परत आला नाही. इटलीतल्या पो नदीजवळ कुणीतरी धूर बघितला, हवाई छत्री मात्र कुणी बघितली नाही.

डेल्बर्ट पुन्हा शिडीवर चढला. इंजिन बसवून झालं. टॉलिव्हरचं सामान त्याच्या आईकडे पाठवायचं होतं. शर्ट डेल्बर्टनं स्वतः धुऊन, घडी घालून पेटीत ठेवले. नवा पायलट आला, नीटनेटका. विमान नेलं तसं परत आणायचा. डेल्बर्ट त्याच्यावर एकदाही ओरडला नाही, आणि तंबूत मला ती शांतता नकोशी झाली.

उन्हाळा सरता सरता आम्ही जेवणाच्या रांगेत उभे असताना एक दाढीवाला, शेतकऱ्याच्या फाटक्या कोटातला माणूस रांगेत घुसला. टॉलिव्हर. इटालियन शेतकऱ्यांनी त्याला गोठ्यात लपवलं होतं, मग डोंगर ओलांडून तो चालत आपल्या फौजेपर्यंत पोचला होता आणि तिथून बेटावर आला होता.

डेल्बर्टच्या हातातली थाळी खाली पडली. "विमान कुठंय?" तो ओरडला.

"जळालं."

"आणि तुमचे शर्ट मी जॉर्जियाला पाठवले! इस्त्री केल्यासारखी घडी घालून! आता घालणार काय?" एवढं बोलून त्यानं लेफ्टनंटला असा आवळला की तो म्हणाला, "बरगडी आहे, सार्जंट, बरगडी."

पुन्हा पकडला गेला तर लपवणाऱ्यांची नावं शत्रूला कळतील, म्हणून अशा सुटून आलेल्या पायलटला त्या आघाडीवर पुन्हा उडू देत नसत. टॉलिव्हर घरी गेला. आमचं विमान फ्रान्समध्ये लढलं, मग जर्मनीत, आणि मे महिन्यात युद्ध संपलं.

मग हुकूम आला, जास्तीची विमानं नष्ट करा. परत नेणं परवडत नाही. आमचंही यादीत होतं. देखरेखीला एक नवा कॅप्टन आला.

"आधी धुऊन स्वच्छ करा," तो म्हणाला. "वरचे साहेब बघायला येणार आहेत."

"स्वच्छ करून उडवायचं?"

"हुकूम आहे, सार्जंट."

डेल्बर्टनं धुतलं. मग आत बसून इंजिन सुरू केलं. कान देऊन ऐकलं आणि बंद केलं. "एक प्लग नीट पेटत नाही," म्हणत शिडी लावली.

कॅप्टन लालबुंद झाला. "अरे, दुपारी सुरुंग लावायचाय याला!"

"दुपारी लावा. आत्ता सकाळ आहे." त्यानं प्लग बदलला, पुन्हा इंजिन सुरू केलं. आता ते एका लयीत, मऊ चाललं. डेल्बर्टनं पेट्रोल संपेपर्यंत ते चालू दिलं. कॅप्टन घड्याळ बघत राहिला, पण मध्ये पडला नाही.

दुपारी आम्ही ट्रकमध्ये बसलो, डेल्बर्ट मैदानाकडे पाठ करून. धडाका झाला. ट्रक हादरला.

"माझा पाना!" तो एकदम म्हणाला. "पंखावर राहिला माझा पाना. घरून आणलेला होता, प्रॉसर! एक काम धड होत नाही या सैन्यात!"

आणि तो रडायला लागला. पान्यासाठीच रडलो, असं तो अजूनही म्हणतो. मी त्याला माझा रुमाल दिला. रुमालाला बंदुकीचं तेल लागलेलं होतं, त्यावरूनही त्यानं मला बरंच सुनावलं.