अंजिराची छाटणी

कडाक्याच्या थंडीनं जळालेलं परसातलं अंजीर बुंध्याकडून पुन्हा फुटलंय. दरवर्षी छाटणी हे करायचे. यंदा हिवाळ्यातच त्यांची डावी बाजू लुळी पडली, म्हणून ते खुर्चीतून सांगत होते, "आधी नखानं साल खरवड. हिरवं दिसलं की तिथून खाली कापू नकोस."

मी शेंड्याकडून खरवडत आले. नुसतं तपकिरी. मग एकदम हिरवं, नखाला पांढरा चीक. मला झाडाचा रागच आला. त्याचं किती चटकन कळतं! आमचे डॉक्टर नुसतं "वाट बघा" म्हणतात.

हात धुऊन यांच्याजवळ बसले. त्यांचा डावा हात मांडीवर घेतला आणि बोटांपासून नख दाबत गेले. मनगट झालं, कोपर झालं. मी सदऱ्याची बाही आणखी वर सारली.

ते अंजिराकडेच बघत होते.