एका ताऱ्यावरचा सत्कार

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच म्हणा, कारण एवढा गाढवपणा पोटात ठेवून मला चहा जात नाही.

मी पुण्यात पीएचडी करतो. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ वायू असतो, त्यात ड्युटेरियम किती आहे ते मोजायचं. ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ. विश्वाच्या सुरुवातीला झाला तेवढाच, नंतर त्यात भर पडली नाही. तारे मात्र तो जाळत सुटतात. म्हणून तो किती उरलाय यावरून कळतं, आकाशगंगेतला किती वायू ताऱ्यांच्या पोटातून जाऊन आलाय. नाही कळलं? असू द्या, आबांनाही कळलं नव्हतं!

आबा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड सुभेदार. गाव कवठे महांकाळजवळ.

तर एका ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून बघताना त्या पट्ट्यात मला ड्युटेरियमची काळी रेष सापडली. केवढी ठळक! गाईड मॅडम म्हणाल्या, "तपासल्याशिवाय कुणाला बोलू नकोस." मी कुणालाच बोललो नाही. फक्त आबांना फोन केला.

तिसऱ्या दिवशी गावच्या स्टँडसमोर फ्लेक्स! गॉगल घातलेला माझा फोटो, खाली 'आकाशगंगेत ड्युटेरियमचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. त्याखाली शुभेच्छुकांची ही लांबलचक रांग. रविवारी ग्रामपंचायतीसमोर सत्कार.

शनिवारी दुपारी मी घरात पाऊल टाकतोय तोच मॅडमचा फोन. "अरे, तो साधा हायड्रोजन निघाला. त्याचा एक छोटा ढग वेगानं आपल्याकडं येतोय, त्याची रेष सरकून नेमकी ड्युटेरियमच्या जागी बसलीय."

आता काय करता? आबांना सांगितलं.

"फेटेवाला सांगून ठेवलाय की रं," ते म्हणाले. "गावात तोंड दाखवायची सोय न्हाई राहायची माझी."

"मग खोटा सत्कार घेऊ का?"

आबांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "न्हाई. माईकवर उभा ऱ्हा आन् खरं सांग. मी फुडंच बसतो."

बसले हो! रविवारी फेटा बांधून मी सगळं सांगून टाकलं. पहिल्या रांगेत आबा मान खाली घालून बसलेले. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आई उठली. आमची द्राक्षबाग तीच बघते.

"किती तारं बघितलंस रं?"

"एक."

"एकच?"

"हो."

"अरं, द्राक्षाची साखर बघायची तर आमी धा वेलींचं मणी तोडतो. उन्हातलं, सावलीतलं, घडाच्या शेंड्याचं, बुडाचं. एका घडावर कोण बाग तोडतंय व्हय? आन् तू एका ताऱ्यावर आख्खी आकाशगंगा सांगतुयास!"

मंडप हसून नुसता फुटला. आबांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "आमची मंडळी हाय ती!"

सरपंचवहिनींनी तबकातली शाल उचलली. मी खांदे जरा ताठ केले. वहिनी माझ्या शेजारून गेल्या आणि शाल आईच्या खांद्यावर घातली. नारळही तिलाच. टाळ्या थांबेनात.

मग सूत्रसंचालकानं माईक माझ्या हातात दिला. कार्यक्रमातलं एकच काम उरलं होतं.

आभारप्रदर्शन मी केलं.