मामांनी झाडलेली देवराई

देवाला जगात सगळ्यांत जास्त कामाला कोणी लावलं असेल, तर माझ्या बायकोच्या मामांनी. नारायणगावजवळच्या आमच्या छोट्याशा चर्चमध्ये रविवारी मामा प्रार्थनेला उभे राहिले, की बायका मनातल्या मनात घरी चुलीवर ठेवून आलेल्या रश्शाची आशा सोडतात. आजारी माणसं आणि परीक्षेला बसलेली मुलं एवढ्यावर इतरांची प्रार्थना संपते, मामांची तिथून सुरू होते. मग मीना नदी येते, शाळेमागची वठत चाललेली चिंच येते, उसातला बिबट्या येतो. "प्रभू, त्याला त्याचं रान परत मिळू दे, आन आमच्या शेळ्या आमाला ऱ्हाऊ दे," असं ते एकदा म्हणाले. त्याच आठवड्यात शेळी गमावलेल्या पिंपळवंडीच्या एका बाईंनी 'आमेन' म्हणायला साफ नकार दिला. मामांनी डोळे न उघडताच दुरुस्ती केली, "आदी शेळ्यांचं बघ."

डोळे उघडे असले तरी मामा अर्धे स्वप्नातच असतात. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागद उडून बाभळीला गुंडाळलेला दिसला, की माणसांनी भरलेली वडापची जीप थांबवून ते उतरतात. "राव, झाडाचा गळा आवळलाय," एवढंच सांगतात आणि सावकाश तो सोडवत बसतात. आधी जीपवाले चिडायचे. आता तेच लांबूनच हाक देतात, "मामा, तुमची बाभळ आली." जावई होऊन माझे केस पांढरे झाले तरी ते मला अजून 'पावणं' म्हणतात.

आमच्या चर्चच्या मंडळीने सामाजिक आणि पर्यावरणीय न्यायासाठी गट काढला, तेव्हा त्या लांबलचक नावाखाली मामा सगळ्यांत आधी जाऊन बसले. पहिलं काम मिळालं ते आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीवर. देवराईच्या पायथ्याशी झरा होता, पण तो गाळाने बुजत आला होता आणि उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन दरीत उतरावं लागे. गाळ काढून तिथे दगडी टाकी बांधायची ठरली. पहिल्याच दिवशी मामांना वाटलं, जी देवराई पाणी देते तिची आधी सेवा करावी. नाताळच्या आधी चर्चचं अंगण झाडतो तशी आम्ही ती आख्खी देवराई झाडून काढली. वाळक्या फांद्या आणि पडलेली लाकडं मोळ्या बांधून रस्त्याकडेला रचली आणि आपल्याच कामाकडे कौतुकाने बघत उभे राहिलो.

तेवढ्यात देवराईची पूजा बघणारे वाडीतले म्हातारे बाबा आले. "हितली काडीबी भाईर जात न्हाई, भाऊ," ते म्हणाले. "पडलं ते तितंच कुजतं. चुलीला लाकूड नसलं तरी आमी कदी हात लावला न्हाई." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टाकीचं काम थांबवायला सांगितलं. करायला गेलो काय आणि झालं काय! परतीच्या वाटेवरच मामांनी ठरवलं, काडी न् काडी परत नेऊन ठेवायची.

पुढच्या रविवारी उपासना देवराईत झाली. सगळी मंडळी अनवाणी, डोक्यावर मोळ्या, पुढे मामा. आत धुकं होतं, उजेड हिरवट होता, आणि फांद्या परत ठेवायच्या तर कुठली कुठे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मामा एकेक फांदी हातात घेऊन झाडांकडे मान वर करून विचारत होते, "तुजी का?" उत्तर येईल अशी त्यांची खात्री असावी, कारण ते थांबतही होते. बाबा दगडावर बसून बघत होते. शेवटी त्यांनाच राहवलं नाही. "ती उंबराची हाय, पावणं. तिकडं ठिवा." निघताना म्हणाले, "टाकी बांदा. त्या लाकडाचं म्हनाल, तर ते जाग्यावर कुजलं, की देवानं परत घेतलं असं आमी समजू."

टाकी झाली. बायका वाडीजवळच हंडे भरू लागल्या. पण मामांचं मन टाकीत नव्हतं. वाडीवर गेले की ते आधी उंबराखाली जाऊन ते लाकूड अंगठ्याने दाबून बघत. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा चिडवलं, "मामा, त्यांच्या देवाची तुम्हाला एवढी काळजी?" मामा म्हणाले, "देवाचं देव बगंल. त्या म्हाताऱ्याचं मन आपन दुखावलंय."

पुढे मामांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि डोंगर सुटला. त्यानंतर वाडीवरचे बाबा वारले. ती बातमी आली त्या दिवशी मामा जेवले नाहीत.

परवा मी वाडीवर जाऊन आलो. परतलो तेव्हा मामा घरच्या ओसरीवर खाटेवर पडले होते. मी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या, तोवर त्यांनी विचारलं, "उंबराखालचं?"

"कुजलंय, मामा. हाताला भुगा लागतो. वर अळंबी उगवलीत."

"बाबांनी बगितलं आसंल का ओ, पावणं?"

वाडीतल्या बायकांनी सांगितलेलं मी त्यांना सांगितलं, की शेवटी शेवटी बाबा रोज सकाळी काठी टेकत उंबराखाली जायचे आणि त्या लाकडाला हात लावून बघायचे.

"मंग आमी दोगंबी वाटच बगत व्हतो म्हना," मामा म्हणाले, आणि किती तरी वेळ डोंगराच्या दिशेने बघत राहिले.